रुग्णोपयोगी साहित्य केंद्रासाठी आवाहन : उभं राहताच रक्तदाब कोसळणाऱ्यांकरिता सहा संच हवेत

सप्रेम नमस्कार.

आपलं साहित्य केंद्र उभं आहे ते तुमच्याच जोरावर. गुरुजींच्या कुटुंबीयांनी दिलेल्या दोन फाउलर खाटा (डोक्याकडचा भाग वर उचलता येणाऱ्या), भजनी मंडळाच्या भगिनींनी भिशीतून आणलेली चाकाची खुर्ची, सुतारआळीनं मजुरी न घेता केलेल्या दुरुस्त्या, सगळं मंडळाच्या लक्षात आहे. गेल्या दिवाळीत याच आजारासाठी हाक दिली तेव्हा मात्र ‘चक्कर काय, सगळ्यांनाच येते’ असं ऐकावं लागलं. ते लागलं मनाला.

ही ती चक्कर नव्हे. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या धमनीतून मेंदूला वर्दी जाते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाचे ठोके वाढतात. ‘प्युअर ऑटोनॉमिक फेल्युअर’ किंवा ‘मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी’ या मज्जासंस्थेच्या आजारांमध्ये हा निरोप रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतच नाही. तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० मिमी (पारा) किंवा त्याहून जास्त उतरतो, नाडी जेमतेम वाढते. आडवं झालं की अनेकांचा दाब उलट चढतो. झोपवून मोजला की दाब उतरवायची गोळी सुरू होते आणि पहाटे माणूस न्हाणीघरात पडतो. म्हणून पाच मिनिटं आडवं ठेवून, मग उभं करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजा, नाडीही लिहा.

फाउलर खाट इथे कामाची नाही. ती कंबरेत वाकते, उशांचंही तेच. अख्खी खाट कलती हवी. डोक्याकडच्या पायांखाली ६ ते ९ इंची लाकडी ठोकळे, वर खाच कोरलेली, नाहीतर खाटेचा पाय घसरतो. त्यानं रात्रीचा दाब आवरतो, लघवीवाटे मीठ-पाणी कमी जातं, सकाळ सुसह्य होते. पोटपट्टा उठण्याआधी बांधायचा, झोपताना सोडायचा. गुडघ्यापर्यंतचे मोजे कृपया देऊ नका, रक्त मुख्यतः पोटात साठतं.

संचात : ठोकळ्यांची जोडी, पोटपट्टा (मध्यम/मोठा), दंडावरचं डिजिटल रक्तदाब यंत्र. एका संचाचा खर्च अंदाजे ४,००० रु. रोख वा धनादेश कार्यालयात, सायं. ६ ते ८, सोमवार बंद. पावती मिळेल. लाकूड दिलं तरी चालेल. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या आणखी सैलावतात, त्यामुळे गुढीपाडव्याच्या आत संच तयार हवेत.

आपला,
कार्यवाह