कौले उतरवण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की कोकणात घरदुरुस्तीची कामे निघतात, आणि अलीकडे या दुरुस्तीचा बहुतेक ठिकाणी एकच अर्थ उरला आहे : कौले आणि वासे उतरवायचे, जांभ्याच्या भिंतींमध्ये काँक्रीटचे खांब घुसवायचे आणि वर स्लॅब टाकायचा. श्रीवर्धन, दापोली, गुहागरपासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही वाडीत किंवा आळीत हे दिसेल. घरातल्या माणसांना आजच्या सोयी हव्यात, याबद्दल दुमत नाही. परंतु संडास-न्हाणीघर मागच्या पडवीत सामावता येते, विजेच्या तारा वाशांच्या कडेने नेता येतात, अंधाऱ्या माजघरात उजेड हवा असेल तर चार काचेची कौले पुरतात. यांपैकी कशासाठीही छप्पर मोडावे लागत नाही.

छपराचा एवढा आग्रह धरण्याचे कारण केवळ शोभा नव्हे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, किंबहुना त्याहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात छपराचा तीव्र उतार, माणसाला वाकून आत शिरावे लागेल इतक्या खाली आलेल्या वळचणी आणि भोवतीची पडवी यांचे मुख्य काम भिंत कोरडी ठेवणे हे असते. जांभा सच्छिद्र आहे. तो पाणी पितो आणि उघाड मिळाली की सोडतोही, पण त्याला तशी वाट हवी. स्लॅबच्या हात-दीड हात छज्जाखाली पावसाची झड थेट भिंतीवर येते, मग ओल थांबावी म्हणून सिमेंटचा गिलावा केला जातो, आणि आत शिरलेली ओल त्या गिलाव्यामागे कोंडून दगड पोखरते. आमच्या वाडीतल्या अशाच एका घराच्या ओटीवर, जोत्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत, भिंतीवर टिचकी मारली तर बद्द आवाज येतो, आणि जिथे पोपडा सुटला आहे तिथे त्याच्या पाठीला चिऱ्याची तांबडी भुकटी चिकटून येते. जुना चुन्याचा गिलावा ओलीला बाहेर पडू देत असे. त्याच घराचा स्लॅब गळू लागल्यावर मालकाने त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे चढवले. म्हणजे उतरते छप्पर काढून सपाट केले आणि सपाटावर पुन्हा उतरते छप्पर आणले, खर्च मात्र दोन्हींचा झाला. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत स्लॅबमधल्या सळ्या गंजून काँक्रीटची ढलपी सुटू लागतात, हा अनुभव तर आता गावोगाव आहे.

यावर निसर्ग वादळाचा दाखला दिला जातो आणि तो गैरलागू नाही. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात धडकलेल्या त्या वादळाने दापोली-मंडणगडपर्यंत छपरे उडवली. त्यानंतर कौले वेळेवर मिळेनात, मिळाली तर चढवायला माणूस मिळेना, आणि डोक्यावर पाऊस असताना लोकांनी हाती लागतील ते पत्रे टाकले. त्यांना दोष कसा देणार? मात्र नुसत्या वजनावर बसलेली कौले आणि भिंतीला न जखडलेले वासे ही अडचण दूर करता येण्यासारखी आहे. वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीवरच्या तुळईला आवळणे, कडेच्या ओळींतली कौले तारेने रिपेला बांधणे आणि आढ्यावरची कौले पक्क्या मसाल्यात बसवणे, एवढे केल्यास छपराचा टिकाव बराच वाढतो.

मूळ रूप जपणे म्हणजे काळ गोठवणे, असेही मला म्हणायचे नाही. ज्या मंगलोरी कौलांना आपण अस्सल कोकणी समजतो, त्यांचा कारखाना बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळुरात काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी आपल्या घरांवर नळीची कौले किंवा गवत-पेंढा असे. छपराची वस्तू बदलली, पण उतार आणि वळचण बदलली नाही, म्हणून घर तेच राहिले. उलट आज पर्यटकांसाठी स्लॅबची इमारत बांधून तिला जांभ्याच्या पातळ लाद्या चिकटवल्या जातात आणि दारात पितळी समई ठेवून तिला ‘पारंपरिक कोकणी घर’ म्हटले जाते. त्याच वेळी शेजारच्या पाडलेल्या घराचे फणसाचे खांब टेम्पोत घालून कुठल्याशा हॉटेलच्या शोभेसाठी रवाना होतात. हा व्यवहार मला खेदजनक वाटतो.

खरी अडचण घर बंद राहण्याची आहे. मालक मुंबई-पुण्यात, घरपट्टीवर नावे चुलत्या-पुतण्यांची, आणि कुलूप निघते ते गणपतीला, शिमग्याला व मे महिन्यात. पूर्वी दर वैशाखात शाकारणी होई, फुटके कौल त्याच वर्षी बदलले जाई. आज एक फुटके कौल चार पावसाळे तसेच राहते आणि त्याखालचा वासा कुजतो. चुलीच्या धुराने लाकडाला कीड लागत नसे, तो धूरही गॅस आल्यापासून थांबला, तेव्हा काजूच्या टरफलांचे तेल किंवा वाळवीरोधक औषध आता नियमाने लावायलाच हवे. हे करणारे सुतार आणि शाकारणारे गडी म्हातारे झाले, त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले.

रत्नागिरीचे लोकमान्यांचे जन्मस्थान किंवा मालगुंडचे केशवसुतांचे घर आज कौलारू रूपात उभे आहे, कारण त्यांना कोणी वाली आहे. साध्या घरांना तो नाही. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत चुन्याचे काम, चिऱ्याची डागडुजी आणि कौलारू छपराची सुतारकी यांचे अल्पमुदतीचे वर्ग सुरू व्हावेत. राज्याच्या पर्यटन विभागाने आपल्या ‘निवास व न्याहरी’ योजनेत मूळ छप्पर राखून दुरुस्त केलेल्या घरांना नोंदणी शुल्कात सवलत द्यावी. आणि वादळानंतर मदत वाटताना कौले व वासे यांचा साठा तालुक्याच्या ठिकाणी आधीच करून ठेवावा, म्हणजे छप्पर उडालेल्या माणसाला निदान पत्रा की कौल हे स्वतः ठरवता येईल.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी