मंडपाच्या रोषणाईतलं शहाणपण आमच्या रोबोला देणाऱ्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

आधी बातमी देते: आमच्या रोबोचे दिवे शेवटच्या लढतीपर्यंत पेटते राहिले. गणपतीच्या ऐन गर्दीत, मंडळांची कामं अंगावर असताना, पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानाच्या पायरीवर बसून तुम्ही आम्हाला जे शिकवलंत, त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र उघड लिहितेय. घरी रोबो बांधणाऱ्या इतर मुलामुलींच्याही ते कामी येईल.

पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्स, म्हणजे रोबोंच्या झुंजी, पाहिल्यापासून आम्हा तिघांच्या डोक्यात १५ किलोचा रोबो होता. मोटरी, चाकं, फिरतं पातं, सगळं जुळलं. दिव्यांचा विषय निघाला की मात्र जो तो म्हणायचा, मारच खायचाय तर नटवायचं कशाला? तुम्ही तसं म्हणाला नाहीत. ‘लांब बसलेल्याला आपला कुठला ते कळायला नको?’ एवढं विचारलंत आणि कात्री घेतलीत.

मीटरला ६० एलईडींची १२ व्होल्टची पट्टी दर तीन दिव्यांवर, म्हणजे ५ सेंटिमीटरवर कापता येते. एका तुकड्यातून दुसऱ्यात वायर नेली, तर मधला जोड सुटला की पुढचं सगळं काळोखात. म्हणून प्रत्येक तुकड्याला थेट दिव्यांच्या मुख्य वायरींवरून स्वतंत्र जोडी द्यायला लावलीत. सोल्डरवर ओढ येऊ नये म्हणून वायर ढिली ठेवून जोडापासून बोटभर अंतरावर चिकटवायची. उजेड पसरावा म्हणून दिव्यांवरचं पारदर्शक झाकण घासून दुधी करायचं नाही, कारण पॉलिकार्बोनेट (झाकणाचं प्लास्टिक) ओरखड्यापासूनच फुटत जातं. त्याऐवजी आतून बटर पेपर लावायचा. सुपरग्लू तर तुम्ही त्या झाकणाच्या आसपासही येऊ दिला नाहीत.

पण खरे आभार बॅटरीबद्दलचे. रोबोची मुख्य बॅटरी सहा सेलची, पूर्ण चार्ज असताना २५.२ व्होल्टची. दिव्यांची वायर तिच्याजवळ न्यायचीच नाही, असं तुम्ही बजावलंत. मंडपात रोषणाईची लाइन आणि स्पीकरची लाइन तुम्ही वेगळी ठेवता, तसंच हे: शोभेच्या वायरी शॉर्ट झाल्या तरी यंत्र थांबता कामा नये. मग हिशेब केला. मीटरभर पट्टी साधारण १.२ अँपिअर घेते, लढत तीन मिनिटांची, म्हणजे लागतात ६० मिलिअँपिअर-तास. तीन सेलची चिमुकली लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) त्याला पुरून उरते आणि १२.६ व्होल्टच्या वर जात नाही, म्हणजे १२ व्होल्टच्या पट्टीला झेपते.

त्यावर तुम्ही जे विचारलंत, ते आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. ‘मग मेन चालू आहे का बंद, हे हात घालणाऱ्याला कसं कळणार?’ शोभेचे दिवे विझले म्हणजे रोबो मेला, असं समजून कुणी पात्याजवळ बोटं नेली असती तर? म्हणून मुख्य लाइनवर, पॅनेलबोर्डावर असतो तसा, लाल इंडिकेटर वेगळा बसवला. बाकी रोबोवर लाल रंग कुठेच नाही. दोन्ही बॅटऱ्यांची जोडणी झाकण न उघडता बाहेरून तोडता येते. काका, ही एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

एका लढतीत डावा कोपरा पार चेपला. तिथले दोन तुकडे गेले, बाकीचे निळे दिवे तसेच, आणि रोबो फिरत होता. मागच्या रांगेतून आई ओरडत होती. तिला आमचा रोबो ओळखता येत होता.

तुम्ही पैसे फक्त पट्टीचे घेतलेत. वेळेचे घेतले नाहीत, ते आम्ही विसरलेलो नाही.

आता पुढच्या रोबोला रंग बदलणारी ५ व्होल्टची पट्टी लावायची आहे. तिच्यात सिग्नल एका दिव्यातून दुसऱ्यात जातो, त्यामुळे एक फुटला की पुढचे सगळे अडतात. तुमच्या पद्धतीत हे कसं बसवायचं, ते विचारायला यंदाच्या गणपतीची गर्दी सुरू व्हायच्या आत येते.

तुमची,
रोबोवाली