घर नंतर, आधी वस्ती पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या घरांविषयीच्या पुरवण्या मी नेमाने वाचते. घर विकत घेणाऱ्याला त्यांत सगळे मिळते: कर्जाचे दर, कागदपत्रे, बांधकामाचा दर्जा. नोकरीनिमित्त परक्या शहरात जाऊन भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला मात्र भाडेकराराच्या मसुद्यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही. माझी नोकरी बदलीची आहे, घरी नवरा आणि दोन मुले आहेत. आमच्याकडे नव्याने रुजू होणारे सहकारी जागा कशी शोधतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्यावरून एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. नव्या शहरात जागा ठरवताना नकाशाच्या मध्यभागी कमावत्या माणसाचे कार्यालय ठेवू नका. जी माणसे दिवसभर त्या वस्तीत वावरणार आहेत, त्यांना पायी कुठवर आणि किती निर्धास्तपणे जाता येईल, ते आधी बघा.

होते असे, की बदलीचा हुकूम निघतो आणि रुजू होण्याची तारीख डोक्यावर येऊन ठेपते. जागा पाहायला एकटाच माणूस पुढे येतो. एजंट दिवसभरात कार्यालयाजवळच्या सगळ्या रिकाम्या जागा दाखवतो. पाहणारा खोल्या मोजतो, नळ सोडून पाहतो, फोटो काढून घरी पाठवतो आणि संध्याकाळी अनामत रक्कम भरून मोकळा होतो. घर वाईट नसतेच. पण काही महिन्यांनी कानावर येते ते वेगळेच: मुले खाली खेळायला जातच नाहीत, शाळेची बस तासभर गावभर फिरवते, घरी राहणाऱ्या जोडीदाराला दिवसभरात बोलायला कुणी नाही, म्हाताऱ्या वडिलांचे फिरणे बंद झाले. या तक्रारींवर त्या घराच्या चार भिंतींत उपाय नसतो.

कार्यालयापर्यंतच्या अंतराला आपण इतके वजन का देतो, हे मला उमगलेले नाही. सेझारे मार्चेटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये असे मांडले होते, की माणूस पायी चालत होता तेव्हापासून मोटारी आल्या तरी रोजच्या जाण्यायेण्यात सरासरी एक तासच घालवतो. वाहनांचा वेग वाढला तशी शहरे पसरली, तास तेवढाच राहिला. म्हणजे जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास, एवढे मोठ्या माणसाला सहसा जाचत नाही. मग पंधरा मिनिटे वाचावीत म्हणून मुलांना हमरस्त्यालगत नेऊन ठेवायचे, हा सौदा तोट्याचा आहे. उलट टोकही नको. मुले झोपल्यावरच आई किंवा बाप घरी पोचणार असेल, तर वस्ती कितीही चांगली असून काय उपयोग? प्रवासाची वेळ आधी ठरवून घ्यावी, आणि ती कामाच्या दिवशी, कार्यालयाच्याच वेळेला मोजावी. जाहिरातीतली ‘दहा मिनिटे’ बहुधा मोकळ्या रस्त्याची असतात.

आता वस्तीकडे येते. माझ्या मते सगळ्यांत आधी पाहायचा तो घरासमोरचा रस्ता. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने 1960 च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या, दिसायला सारख्याच असलेल्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांना बोलते केले. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे 2,000 वाहने जात, दुसऱ्यावरून 8,000 आणि तिसऱ्यावरून 16,000. कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्याचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सर्वांत जास्त रहदारीच्या रस्त्यावर हाच आकडा 0.9 होता, म्हणजे धड एकही नाही. ‘आपले घर’ कुठून कुठवर, असे विचारल्यावर पहिल्या रस्त्यावरच्या लोकांनी जवळजवळ अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला, तर तिसऱ्यावरच्यांनी आपापली इमारत.

जन्मापासून एकाच शहरात राहणाऱ्याला हा फरक कदाचित जाणवणार नाही. नव्याने आलेल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी. मुलांच्या शाळेच्या प्रवेश अर्जात एक रकाना असतो: आईवडील न सापडल्यास कुणाला फोन करायचा? नव्या शहरात हा रकाना कोराच राहतो. लांबच्या नातेवाइकाचा नंबर टाकून वेळ मारून नेता येते, पण मूल वर्गात तापाने फणफणले तर तो माणूस येऊन पोचणार कसा? तिथे लिहायला नाव लागते ते समोरच्या दाराचे. आणि अशी ओळख व्हायला माणसे जिन्यात, फाटकाशी, गल्लीच्या तोंडाशी जरा रेंगाळावी लागतात. गाड्यांच्या धुरात नि कर्ण्यांत कुणी रेंगाळत नाही.

मागच्या बदलीत एक जागा आम्हाला मनापासून आवडली होती. हवेशीर, मोठी, शाळाही जवळ. ठरवण्याआधी मी धाकटीला घेऊन फाटकापासून शाळेपर्यंत चालत गेले. कोपऱ्यापर्यंत फुटपाथ उत्तम होता. तिथे विजेचा मोठा डबा फुटपाथच्या मधोमध उभा, त्याच्यापुढे ओळीने लावलेल्या मोटारसायकली, आणि आम्ही दोघी रस्त्यावर. पुढे रस्ता ओलांडायचा होता. मला दोन्हीकडची वाहने व्यवस्थित दिसत होती. धाकटी तेव्हा सहा वर्षांची. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि तिच्या डोळ्यांनी रस्ता पाहिला, तर समोर नुसते बंपर आणि नंबरप्लेटा. येणारी गाडी तिला दिसत नव्हती, आणि त्या चालकालाही ती दिसली नसती. ती जागा आम्ही सोडली आणि मोठ्या रस्त्याच्या पाठीमागच्या गल्लीत एक खोली कमी असलेले घर घेतले. लहान मूल असलेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे: शाळेची वाट मुलाच्या उंचीवरून पाहा. खोल्या किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे काही माझे खूळ नव्हे. अमेरिकी नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 मध्ये वस्तीचा जो आराखडा मांडला, त्यात प्राथमिक शाळा मधोमध होती, घरे तिच्यापासून साधारण पाव मैलाच्या, म्हणजे 400 मीटरच्या आत, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने. शाळेत जाताना मुलाला रहदारीचा रस्ता ओलांडावाच लागू नये, हा त्यामागचा हिशेब. 2020 साली स्टॉकहोमच्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेतल्या जाहीरनाम्यातही, जिथे पादचारी, सायकलवाले आणि मोटारी एकत्र असतात तिथे ताशी 30 किलोमीटरची वेगमर्यादा असावी, असे म्हटले आहे. जागा पाहायला गेल्यावर वेगमर्यादेची पाटी शोधत बसू नका. गाड्या प्रत्यक्षात कशा जातात, ते दहा मिनिटे उभे राहून बघा.

मात्र शांत म्हणजे निर्मनुष्य नव्हे. शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांनी 1961 मध्ये लिहिले होते, की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर सतत असलेल्या लोकांच्या नजरेमुळे: दुकानदार, खिडकीतून डोकावणारे, येणारे-जाणारे. उंच कुंपणाच्या आत पोहण्याचा तलाव आणि खेळघर, पण फाटकाबाहेर ना दुकान ना चिटपाखरू, अशा संकुलांची ‘कुटुंबासाठी आदर्श’ म्हणून जाहिरात होते. तिथे वही संपली तरी मोठ्या माणसाला गाडी काढावी लागते. मला तिथे राहणे मुलांसाठी बरे वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने जाऊन पेन्सिल आणता आली पाहिजे. म्हणून वस्तीत एकदा कामाच्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी आणि एकदा रात्री जेवणानंतर जाऊन यावे. आठ-दहा वर्षांची मुले मोठ्यांच्या पहाऱ्याविना खेळत असतील, बाया एकट्या निवांत चालत असतील, तर तिथल्या लोकांचा आपल्या रस्त्यावर भरवसा आहे, हे ओळखावे. एजंट हे सांगू शकत नाही. तळमजल्यावर राहणारी बाई सांगते. पावसात पाणी कुठवर चढते, समोरच्या रिकाम्या जागेवर काय उभे राहणार आहे, रात्री-अपरात्री कुठला दवाखाना उघडा असतो, हेही तीच सांगते.

आवाज आणि हवा यांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशींत रस्त्याच्या रहदारीचा रात्रीचा सरासरी आवाज 45 डेसिबलच्या खाली असावा, असे म्हटले आहे. बार्सिलोनातल्या 39 शाळांमधल्या 2,700 हून अधिक मुलांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. रहदारीचे प्रदूषण जास्त असलेल्या शाळांत मुलांच्या कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेची, वाढ वर्षभरात मंद झालेली दिसली. मुलांच्या झोपायच्या खोलीची खिडकी उघडून पाच मिनिटे गप्प उभे राहिले, तरी पुष्कळ कळते.

शाळेबद्दल एकच सांगते: करारावर सही करण्याआधी आपल्या मुलाच्या इयत्तेत जागा शिल्लक आहे का, हे शाळेकडूनच विचारून घ्या. काही ठिकाणी प्रवेश घराच्या पत्त्यावरून ठरतो, तिथे रस्त्याची कुठली बाजू एवढ्यानेही फरक पडतो.

घरात मोठे मूल असेल तर विचार थोडा वेगळा करावा लागतो. अमेरिकेत 1994 पासून पाच शहरांतल्या अत्यंत गरीब वस्त्यांमधल्या काही कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी सोडतीने भाडेसाहाय्य देण्यात आले. राज चेट्टी, नॅथॅनिएल हेन्ड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये त्या मुलांचा पुढचा हिशेब मांडला. तेरा वर्षांची होण्याआधी जी मुले खरोखर राहायला गेली, त्यांचे विशीच्या मध्यातले उत्पन्न सोडत न लागलेल्यांपेक्षा 31 टक्क्यांनी जास्त होते. त्याहून मोठ्या मुलांना मात्र फायदा दिसला नाही. झालाच तर थोडा तोटा. हे आकडे पगारदार बदलीवाल्यांना जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. पण लहान मुलावर वस्तीचा ठसा खोल उमटतो आणि मोठ्या मुलाला उखडले जाणेच महागात पडते, हे मला घरोघरी दिसते. मूल मोठे असेल, तर घरमालकाला आधीच स्पष्ट विचारा, की घर विकायचा किंवा स्वतः राहायला यायचा विचार आहे का? शालान्त वर्षाच्या मध्यावर पुन्हा सामान बांधायची वेळ येऊ नये.

एवढे सगळे चार दिवसांत होणार कसे, असे कुणी विचारेल. होत नाहीच, आणि इथे मालक मंडळींची, म्हणजे नोकरी देणाऱ्यांची, जबाबदारी येते. सामानाच्या ट्रकचे पैसे देऊन ती संपत नाही. रुजू झाल्यावर महिनाभर तात्पुरती राहायची सोय आणि जोडीदारासह शहर पाहायला एक फेरी एवढे दिले, तरी निम्मे चुकीचे निर्णय टळतील असे मला वाटते. जिथे हे मिळत नाही, तिथे पहिला करार शक्य तितका छोटा करावा, मुदतीआधी घर सोडण्याची अट त्यात लिहून घ्यावी आणि सामान पूर्ण उघडू नये. भाडे थोडे जास्त पडेल. नको त्या वस्तीत अडकून पडण्यापेक्षा ते परवडते.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एका वस्तीची माहिती तिथे भाड्याने राहणाऱ्यांकडूनच लिहवून घ्या: शाळेची वाट कशी आहे, मुले कुठे खेळतात, रात्री कुठला डॉक्टर भेटतो, पाणी कुठे तुंबते. बिल्डरचे किंवा एजंटचे नाव त्यात येऊ देऊ नका. माझ्या वस्तीचे टिपण मी लगेच पाठवीन, त्यातल्या उण्या गोष्टींसकट.

आपली,
बदलीच्या नोकरीतील एक वाचक