लहान चमूंना चित्रीकरणाची परवानगी सुलभ करा

महोदय,

लग्नांच्या शूटिंगमधून साठवलेल्या पैशांवर मी नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात वऱ्हाडी बोलीतली वेब सीरिज करतो आहे. पैसे लावणारे एक गृहस्थ भेटले होते, पण पात्रांनी पुणेरी बोलावे ही त्यांची अट होती. आमच्या गोष्टीतली आजी ‘काहून रे, जेवून नाही राहिला तू?’ असेच विचारणार. मी नकार दिला.

माझे बहुतेक कलाकार पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवरचे. दिवाळीपासून होळीपर्यंत ते गावोगाव नाटकांत गुंतलेले, म्हणून चित्रीकरण ऐन मे महिन्यात. कूलरची घरघर माइकमध्ये येते, त्यामुळे प्रत्येक टेकला तो बंद! आजी करणाऱ्या बाईंनी घामाने ओघळलेला मेकअप पदराने टिपला आणि तोच लांबलचक संवाद पुन्हा तितक्याच ताकदीने म्हटला. असे कलाकार विदर्भात असताना कॅमेरा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, याचे फार वाईट वाटते.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला साधारणपणे १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचा वॉच टाइम लागतो. तोवर पदरमोड, तीही करू. पण तीन माणसे आणि एक कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभे राहायलाही या टेबलावरून त्या टेबलावर फिरावे लागते. शहरात लहान चमूंसाठी एकच अर्ज, माफक शुल्क आणि उत्तराची ठरलेली मुदत असावी, ही कळकळीची विनंती.

– एक दिग्दर्शक, महाल, नागपूर