भिंत वाळली हे कोण ठरवते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरात पाणी शिरले, भिंतीला ओल आली, स्लॅब ठिबकू लागला की बहुतेक ठिकाणी पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वर वॉटरप्रूफ कोट मारतो आणि काही महिन्यांत तोच डाग त्याच जागी, कधी हातभर बाजूला, पुन्हा उमटतो. दोष रंगाचा नसतो. पाणी कुठून येते ते शोधलेले नसते आणि भिंत आतून वाळली का ते मोजलेले नसते. गळती शोधण्याचे आणि पाण्याने भिजलेली घरे पूर्ववत करण्याचे काम करणारे आम्ही काही जण या दोन गोष्टींबद्दल लिहीत आहोत. घराच्या सजावटीवर जेवढे छापून येते, त्या मानाने यावर फार थोडे येते.

डागाची जागा फसवते, वेळ सहसा फसवत नाही. डाग दिवसरात्र सारखाच ओला असेल तर संशय दाबाखालच्या पाण्याच्या पाइपवर घ्यावा. आंघोळ किंवा धुणे झाल्यावर थोड्या वेळाने तो वाढत असेल तर बाथरूमची फरशी, नहाणी ट्रॅपभोवतीचा (फरशीवरचे पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचा) सांधा किंवा सांडपाण्याचा पाइप. फक्त पावसात, तेही वारा ठरावीक दिशेने असताना उमटत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा गच्ची. स्लॅबमध्ये गाडलेल्या वायरिंगच्या पाइपमधून पाणी कित्येक फूट वाहत जाते आणि दिव्याच्या पॉइंटमधून ठिबकते. गळती त्याच्या बरोबर वर असेलच असे नाही. अशा वेळी त्या सर्किटचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) आधी पाडावा, शोध नंतर.

फोडाफोडीपूर्वी तीन साध्या चाचण्या कराव्यात. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचे आकडे लिहावेत आणि दोन तास पाणी न वापरता पुन्हा पाहावेत. आकडा सरकला तर मीटरच्या पुढे दाबाची लाइन कुठेतरी गळते आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर आतले रबरी झाकण नीट बसत नाही. तिसरी चाचणी बाथरूम आणि गच्चीसाठी. पाणी जाण्याचे तोंड घट्ट बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी साठवावे, पातळीवर पेन्सिलची खूण करावी आणि २४ ते ४८ तास ठेवावे. गच्चीवर उन्हाने पाणी आटते, म्हणून शेजारी तेवढ्याच खोलीचे पाणी भरलेले पसरट भांडे ठेवावे. भांड्यापेक्षा गच्चीवरचे पाणी जास्त उतरले तरच गळती समजावी. मात्र ५० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन. जुन्या, सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर हा प्रयोग अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये.

बाथरूमबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. टाइलमधले ग्राऊट (फटींत भरायचे मिश्रण) पुन्हा भरले की गळती थांबेल असे मानले जाते. सिमेंटचे ग्राऊट पाणी शोषते; पाणी अडवण्याचे काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचे असते. हा थर फक्त फरशीवर देऊन चालत नाही. तो भिंतीवर वळवून वर न्यावा लागतो आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत हवा. तो हटकून फाटतो ते पाइप फरशीतून जातो तिथे आणि फरशी-भिंतीच्या कोपऱ्यात, कारण दोन्हीकडे वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात हलतात. गच्चीवरही तीच कथा: मधल्या सपाट भागापेक्षा कठड्याच्या बुडाशी आणि पन्हाळीच्या तोंडाशी बिघाड जास्त. उतार मीटरमागे निदान एक सेंटिमीटर असावा आणि पाण्याचे तोंड सर्वात खाली असावे. हे सांगायला सोपे वाटते, पण उंचावर बसवलेली तोंडे आम्हाला नेहमी दिसतात.

बाकी कारणे थोडक्यात. सिंकखालच्या आणि वॉशिंग मशीनच्या लवचिक नळ्या टोकाच्या नटाजवळ तडकतात किंवा गंजतात. त्या पाचेक वर्षांनी बदलाव्यात आणि घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर मुख्य कॉक बंद करावा. भिंतीत दडलेला पाइप फोडायला चित्रासाठी ठोकलेला एक स्क्रू पुरतो. एसीचा निचऱ्याचा पाइप शेवाळासारख्या चिकट थराने तुंबतो. खिडकीचा उंबरा आतल्या बाजूला उतरता असेल तर महागडे सीलंटही हरते.

सगळी ओल गळतीची नसते. थंड भिंतीवर खोलीतली दमट हवा लागून पाणी सुटते. ते ओळखायला ३० सेंटिमीटरचा चौकोनी फॉइल किंवा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा. दोन दिवसांनी बाहेरच्या बाजूला थेंब दिसले तर ओल हवेतली, आतल्या बाजूला दिसले तर भिंतीतली. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत पोहोचते आणि वरच्या कडेला क्षारांची आडवी रेघ सोडते.

आता अचानक पाणी भरले तर काय करायचे. मुख्य कॉक बंद. वीज तोडायची, पण बोर्डापर्यंत पाण्यातून चालत जावे लागत असेल तर नाही. तेव्हा बाहेरूनच पुरवठा बंद करून घ्यावा. जिप्समची फॉल्स सीलिंग फुगून खाली झुकली असेल तर तिच्यावर पाणी साठले आहे. वीज बंद असल्याची खात्री करून, बाजूला उभे राहून, सर्वात झुकलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरने छोटे भोक पाडावे आणि खाली बादली ठेवावी, नाहीतर अख्खा तुकडा वजनासकट कोसळतो. पुसायला लागण्यापूर्वी पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढावेत. फुटलेली नळी किंवा गंजलेला सांधा फेकू नये. विमा पॉलिसी सहसा अचानक फुटलेल्या पाइपचे नुकसान आणि हळूहळू झिरपून झालेले नुकसान यांत फरक करतात. तेव्हा तो तुकडाच पुरावा ठरतो.

पाणी कोणत्या प्रकारचे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. अमेरिकेतील आयआयसीआरसी या संस्थेच्या एस-५०० मानकात त्याचे तीन वर्ग आहेत: नळाचे स्वच्छ पाणी, वॉशिंग मशीनसारखे वापरलेले पाणी, आणि मैलापाणी किंवा पुराचे पाणी. स्वच्छ पाणीसुद्धा दोन-तीन दिवस साचले की पहिल्या वर्गातले राहत नाही. तिसऱ्या वर्गाच्या पाण्यात भिजलेल्या गाद्या, उशा, गालिचे आणि जिप्सम बोर्ड टाकूनच द्यावे लागतात, आणि सफाईपूर्वी तिथे पंखे लावू नयेत, कारण घाण हवेत उडते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या) कोणत्याही पाण्यात फुगले की पूर्वपदावर येत नाहीत. सिमेंटचे प्लास्टर आणि भरीव लाकूड मात्र वाचवता येते. कागदपत्रे आणि पुस्तके दोन दिवसांत वाळवणे शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. बुरशी थांबते आणि नंतर सवडीने वाळवता येतात.

वाळवणे हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. ३ बाय ४ मीटरच्या खोलीत ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ६० लिटर. त्या खोलीतली सगळी हवा ३० अंश सेल्सिअसला अगदी दमट झाली तरी जेमतेम एक लिटर पाणी वाफेच्या रूपात धरते. म्हणजे दारे-खिडक्या लावून नुसते पंखे फिरवले तर हवा लगेच भरते आणि वाळणे थांबते. शिवाय एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ किलोवॉट-तास ऊर्जा लागते, तेवढेच पाणी, पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर अगदी थोड्या विजेत उचलतो. म्हणून आधी जितके उपसता आणि ओढून घेता येईल तितके घ्यायचे, मग उरलेल्या ओलाव्यामागे पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र) लावायचे. पंख्याचा झोत भिंतीच्या बुडाशी तिरपा, भिंतीला घासून जाईल असा हवा. डीह्युमिडिफायर चालू असताना खिडक्या बंद. बाहेर पाऊस असताना त्या उघडल्या तर बाहेरचा दमटपणाच आत येतो. या यंत्रावर लिहिलेले, ते दिवसाला किती लिटर पाणी काढते याचे आकडे बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. खोली कोरडी होत जाईल तसे प्रत्यक्षात निघणारे पाणी बरेच कमी होते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास टिकवणे हे उद्दिष्ट ठेवावे. घाईने हीटर लावून लाकूड तापवले तर ते वाकते आणि चिरते.

ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून हे सगळे पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवे. बुरशी दिसू लागली असेल तर तिच्यावर पंखा सोडू नये. बीजाणू घरभर पसरतात. सच्छिद्र पृष्ठभागावर ब्लीच मारून डाग फिका होतो, आतली बुरशी राहते. आणि ब्लीच कधीही टॉयलेट क्लीनरच्या आम्लात किंवा अमोनियात मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

भिंत वाळली हे हाताने ठरत नाही. हाताला कोरडे लागणारे प्लास्टर आतून ओले असू शकते. व्यावसायिकांकडे दोन टोकांचा ओलावामापक असतो. तो लाकडासाठी जुळवलेला असतो, त्यामुळे प्लास्टरवर त्याचा आकडा फक्त तुलनेचा. शिवाय लोणा (ओलीमुळे वर येणारे पांढरे क्षार) लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे तो खोटा वाढतो. म्हणून घरातच न भिजलेल्या, तशाच बांधणीच्या भिंतीवर आधी मोजायचे, तो आकडा लक्ष्य धरायचा, आणि भिजलेल्या भिंतीवर पेन्सिलने खुणा केलेल्या त्याच बिंदूंवर रोज मोजायचे. लाकूड १६ टक्क्यांखाली यावे. थर्मल कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. त्याने सुचवलेली जागा मापकाने पडताळलीच पाहिजे. स्वच्छ पाणी लगेच उपसले तर खोली तीन ते पाच दिवसांत वाळू शकते, पण फरशीखालचा जाड कोबा किंवा स्लॅब पाण्याने भरला असेल तर आठवडे, कधी महिने लागतात.

सेवा देणाऱ्याला काम देताना या नोंदींची अट लिहून घ्यावी: रोजचे आकडे, मोजण्याच्या जागांचा नकाशा, यंत्रे कधी थांबवायची याचा निकष. आकडे नसले की यंत्रे लवकर उचलली जातात किंवा गरज नसताना भाडे चढत राहते, आणि घरमालकाला दोन्ही ओळखता येत नाही. गळतीचा स्रोत लेखी न सांगता थेट रसायनाच्या थराचा दर सांगणाऱ्याला आम्ही काम देणार नाही. गॅरंटी कशाची, साहित्याची की गळती थांबण्याची, हेही कागदावर हवे. सळया गंजल्या असतील तर नुसता थर घातक आहे: गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडत राहतो.

रंग सगळ्यात शेवटी. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, कारण क्षार विरघळून परत आत जातात. ऑइल पेंट वाफ अडवतो, म्हणून आधी वाफ बाहेर जाऊ देणारा रंग वापरावा. आणि दुरुस्त केलेली पाइपलाइन प्लास्टरने बुजवण्यापूर्वी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासून घ्यावी. दाबमापकाचा काटा काही तास हलला नाही तरच प्लास्टर. त्याआधी उघड्या पाइपशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढे त्या भिंतीला भोक पाडणाऱ्याला पाइप कुठून गेला आहे ते कळेल.

आपले,
गळती-दुरुस्ती क्षेत्रात काम करणारे काही वाचक