आधी झरा राखा, मग रिसॉर्ट बांधा

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आरोग्य-पर्यटन उभं करायची चर्चा अधूनमधून निघते. निघावीच. आमच्या कोल्हापुरातली गुडघे धरलेली माणसं अणुस्कुरा घाट उतरून राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जातात. म्हाताऱ्या बायका लुगडं पोटऱ्यांवर घेऊन पाण्यात पाय सोडून बसतात. गंधकाचा वास येतो, त्याचं कुणाला काही नाही. कपडे बदलायची वेळ आली की मात्र सुनेनं चादर धरून आडोसा करायचा. तेव्हा सोयी हव्यात, यात वाद नाही. पण पहिला पैसा इमारतीत घालू नका, एवढ्यासाठी हे पत्र.

हंगेरीत बालाटन सरोवराच्या पश्चिम टोकाजवळ हेविझ नावाचं गरम पाण्याचं तळं आहे. साडेचार हेक्टरांच्या आतबाहेर. तळाच्या गुहेतून सेकंदाला चारशे लिटरच्या आसपास पाणी उसळतं, त्यामुळं सगळं तळं तीनेक दिवसांत नवं होतं. १७९५ साली तिथल्या फेस्टेटिक्स घराण्यातल्या सरदारानं स्नानाची सोय केली. आज काठावर संधिवाताचं रुग्णालय आहे आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालतात. (बालाटन सरोवराच्या उत्तर काठावर बालाटनफ्युरेड हे गाव आहे. १९२६ मध्ये रवींद्रनाथ टागोर हृदयाच्या उपचारासाठी तिथं राहिले, त्यांनी लावलेलं झाड आणि त्यांच्या नावाचा रस्ता गावानं जपलाय.)

एवढं नावाजलेलं हेविझचं तळं, पण तेही आटू लागलं होतं. काही कोसांवर नीराद इथं बॉक्साइटच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या, खाणी होत्या. खाणीत पाणी शिरू नये म्हणून चुनखडीच्या थरांतलं पाणी वर्षानुवर्षं उपसलं आणि इकडं हेविझच्या झऱ्याचा जोर कमी झाला. शेवटी १९९० मध्ये खाण बंद झाली, मग झरा हळूहळू सावरला.

बॉक्साइट म्हटल्यावर कोल्हापूरकराचे कान टवकारतातच. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळपठारं, आम्ही बघतो. पण खरं सांगायचं तर आमचं बॉक्साइट डोंगरमाथ्यावर, तिथं त्या तऱ्हेच्या उपशाचा प्रश्न येत नाही. कोकणातल्या झऱ्यांना भीती आहे ती बोअरची. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल जातं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. दापोली तालुक्यातल्या उन्हवरे गावच्या झऱ्याचं पाणी तर सत्तर अंशांच्या घरात. उद्या झऱ्याशेजारी चार रिसॉर्टं झाली की प्रत्येकाला आपल्या टाकीत तेच पाणी हवं होणार, आणि प्रत्येकजण बोअर मारणार. मग कुंडात काय उरेल?

सुशोभीकरण म्हणजे काय ते आम्हाला कोल्हापुरातल्या रंकाळा तलावानं पुरेपूर दाखवलंय. काठावर दिवे, बाकडी, फरशी सगळं आलं आणि पाण्यात नाल्याचं सांडपाणी येतच राहिलं.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती ५०० मीटरपर्यंत विहीर-बोअरला बंधन घालायची तरतूद राज्याच्या भूजल कायद्यात आहे. तसंच संरक्षण या झऱ्यांना द्या. अंतर किती ठेवायचं ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला अभ्यास करून ठरवू दे, ५०० मीटर कमीही पडतील. निविदा त्यानंतर काढा.

दुसरं, या पाण्यानं हे बरं होतं, ते बरं होतं, असे फलक लावायच्या आधी एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला कामाला लावा. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यानं एवढ्या कढत पाण्यात किती वेळ बसावं, हे सांगणारं आज तिथं कुणी नसतं. शेजारचा सांगतो, आपण ऐकतो.

सुरुवात उन्हाळे गावच्या कुंडापासूनच करा. बायकांसाठी कडी लागणाऱ्या दाराची खोली, धरायला कठडा, आणि पाण्याचं तापमान व धार दर महिन्याला मोजून कुंडाशेजारच्या फळ्यावर मराठीत लिहिणारा एक माणूस. याला मोठा निधी लागत नाही.

आपला,
एक कोल्हापूरकर