रविवारच्या शिवणकामाबद्दल

मैत्रिणींनो, येत्या रविवारी सकाळी ७ वाजताच जमायचंय. जळगावचं ऊन माहीत आहेच, १० नंतर पत्र्याखाली मशीनचं चाकसुद्धा हाताला चटकतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकींसाठी झोक्यावरच्या गाद्या आणि दाराखिडक्यांचे पडदे यंदा घरीच शिवायचे ठरलंय.

कोरं सुती कापड आणणार असाल तर शनिवारी रात्रीच पाण्यात भिजत घाला, वाळवा, आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर सहज आटतं. मागच्या वर्षी मी न भिजवता पडदे कापले. पहिल्या धुण्यानंतर ते खिडकीच्या चौकटीपासून चार बोटं वर लटकायला लागले. सासूबाई अजून त्यांना 'परकर' म्हणतात.

गादीच्या खोळीला जुनं नऊवारी लुगडं सगळ्यात छान. धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, आटायचा प्रश्नच नाही. फक्त उजेडासमोर धरून बघा, विरलेला भाग बाजूला काढा. काठ टाकू नका, पडद्याच्या खाली लावू. सिंथेटिक साडी मात्र नको, घाम टिपत नाही.

मशीनला साध्या सुतीसाठी १४ नंबरची सुई चालेल. जाड थर असतील तर १६ची लावा, नाहीतर टाके सुटतात. बॉबिन (मशीनमधली खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) घरूनच भरून आणा.

आणि हो, कापडाची कात्री कागदाला लावलेली दिसली तर चहा त्या व्यक्तीकडून.